पाहण्याआधीच हसणे

श्रोतेहो, अंधश्रद्धेवर पुष्कळ बोलले जाते, आणि बोलावेच. आज मात्र मी आपल्याच पंक्तीतल्या, ‘पुरावा काय?’ असे विचारणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे. त्यांनाही खोडी असतात बरे का! त्यांतली वाईट खोड ही, की पुरावा मागायचा आणि तो घेऊन कोणी आला की त्याच्या मुंडाशाकडे पाहून हसायचे.

फ्रान्समधली गोष्ट. १७६८ च्या सप्टेंबरात ल्यूसे गावच्या शेतकऱ्यांनी आभाळातून दगड पडताना पाहिला. तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीत गेला. तपासणाऱ्यांत लाव्हाझिए होते. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. निष्कर्ष काय निघाला? दगड जमिनीतलाच, वीज पडून भाजलेला. आकाशात दगडच नाहीत, मग पडतील कुठून, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती. पुढे १७९४ साली जर्मनीत क्लाद्नी यांनी अशा हकिकती गोळा करून पुस्तक लिहिले. त्यांच्यावरही बहुतेकांचा विश्वास बसला नाही.

मग २६ एप्रिल १८०३ रोजी लेग्ल गावाभोवती हजारो दगड कोसळले. या वेळी बियो नावाचे तरुण शास्त्रज्ञ स्वतः तिकडे गेले. गावोगाव हिंडले. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या माणसांना विचारले, त्यांच्या जबान्या ताडून पाहिल्या. असा दगड तिथल्या खाणींत, भट्ट्यांत पूर्वी कधी मिळाला होता काय, तेही तपासले. नव्हता मिळाला. शेतकरी खरे ठरले! आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवरही अशाच, पण प्रचंड अशनीच्या आघाताने झाले आहे.

म्हणून गंडेदोरेही खरे, असे मात्र कोणी समजू नये. बियोंनी शंका सोडली नव्हती. ती घेऊन ते गावात गेले, एवढेच.

शिक्षकबंधूंनो, मीही या खोडीतून सुटलेलो नाही. वर्गात एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, आमची आजी मुगाला राख चोळून ठेवते, भुंगा लागत नाही.” राख म्हणताच मला अंगारा आठवला. मी म्हणालो, “मंत्र कोणता म्हणते रे?” सारा वर्ग हसला. राखेने दाण्यांमधल्या फटी बुजतात, किड्यांना हिंडता येत नाही, त्यांचे अंग कोरडे पडते, हे मला फार उशिरा कळले. तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. आणि जाईपर्यंत त्याने वर्गात पुन्हा कधी हात वर केला नव्हता.