मेलेल्या जंगलाखालची जिवंत माती

(वसंत व्याख्यानमाला, नाशिक)



द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात मायकोरायझा हे नाव नवे नाही. दुकानातून त्याची पावडर आणून बागायतदार वेलीच्या मुळाशी घालतात. आज मी त्याच बुरशीबद्दल बोलणार आहे. मात्र बागेतल्या नव्हे, डोंगरावरच्या. जंगल मेल्यावर तिथे लावलेले रोप जगणार की वाळणार, यात या बुरशीचा वाटा फार मोठा असतो. तरीही वृक्षारोपणाच्या आपल्या हिशेबात ती क्वचितच येते.

मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ मध्ये मायकोरायझा हे नाव दिले. झाड बुरशीला साखर पुरवते, बुरशी झाडाला स्फुरद आणि पाणी मिळवून देते. स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही. मुळाभोवतीचा साठा संपला की मूळ उपाशी राहते. बुरशीचे तंतू केसाहून बारीक असतात. मूळ शिरू शकत नाही अशा फटींतून ते पलीकडचे स्फुरद आणतात. मोठ्या झाडाचा मुळांचा पसारा दांडगा असतो. कोवळ्या रोपाकडे तो नसतो, म्हणून त्याला या मदतीची गरज अधिक.

मग जंगलच मेले तर? कॅनडातील अल्बर्टा प्रांतात खोडाची साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी पाइनची जंगले उभी वाळवली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मेलेल्या आणि निरोगी अशा दोन्ही जंगलांतली बुरशी घेऊन रोपे वाढवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की मेलेल्या जंगलातल्या बुरशीवर वाढलेल्या रोपांत किडींपासून बचाव करणारी रसायने कमी होती. प्रत्यक्ष जंगलातही मेलेल्या झाडांखाली रोपे कमी जगली. मोठ्या झाडांच्या मरणाचा फटका मातीतून पुढच्या पिढीला बसला असावा.

आपल्याकडच्या साग, ऐन, जांभूळ अशा बहुतेक झाडांच्या मुळांत राहणारी बुरशी निराळ्या गटातली आहे. तिला जमिनीवर छत्र्या येत नाहीत. तिचे बीजाणू मातीतच तयार होतात. जिवंत मुळांवाचून ती वाढू शकत नाही. त्यामुळे झाडे गेली, पाठोपाठ झुडपे आणि गवत गेले, आणि उघड्या उतारावरची माती पावसाने धुऊन नेली, की बुरशीही त्या मातीबरोबर जाते. तिथे खड्डा खणून लावलेले रोप एकटे पडते.

यावर उपाय आहे, आणि तो महाराष्ट्रातच सिद्ध झाला आहे. नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे मँगनीजच्या खाणीतून निघालेल्या उजाड ढिगाऱ्यांवर नीरी या संस्थेच्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर कारखान्याची मळी, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि ही बुरशी यांची जोड देऊन झाडे उभी केली. ज्या ढिगाऱ्यावर गवत उगवणे कठीण, तिथे साग आणि शिवण वाढले.

ब्रह्मगिरीचे उतार, पेठ-सुरगाण्याचे डोंगर यांची स्थिती अजून त्या ढिगाऱ्यांइतकी वाईट नाही. तिथली करवंदीची जाळी, गवताचा ठोंब, तोडलेल्या सागाचा फुटवा यांच्या मुळांशी बुरशी टिकून आहे. ही बुरशी यजमानाच्या बाबतीत फार चोखंदळ नसते. झुडपाच्या मुळावरून ती शेजारच्या रोपाकडे जाऊ शकते. म्हणून लागवडीआधी जेसीबी लावून जमीन साफ करणे हे त्या रोपाचेच नुकसान आहे. वणवा लावणे तर त्याहून घातक, कारण त्यानंतरचा पहिला पाऊस उघडी पडलेली माती घेऊन जातो.

पाऊस तोंडावर आला आहे आणि गावोगावी वृक्षारोपणाची तयारी चालू आहे. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. झुडपे राखा, खड्ड्यापुरतीच जागा मोकळी करा. रोपवाटिकेतल्या पिशवीत वन खात्याच्या संमतीने जवळच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती मिसळा. स्फुरदाच्या खताचा मारा टाळा, कारण आयते स्फुरद मिळाले की रोप बुरशीला थारा देत नाही. उतारावर समतल चर काढून माती अडवा. आणि किती रोपे लावली याबरोबरच तीन वर्षांनी किती जगली, हेही जाहीर करा.