साचा खरा, बिल्ला खोटा



जुन्या लष्करी टोप्यांवरचे बिल्ले अस्सल कोणते आणि नकली कोणते, हे आज सांगायचं आहे. ते सांगणारच आहे. पण माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे हा माणूस कुठे चाललाय ते तुम्हाला कळेल. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातल्या मूळ पोलादी साच्यातून निघालेला बिल्ला नकली असू शकतो. आणि आपल्याकडच्या छावणीच्या बाजारात तांबटानं वाळूच्या साच्यात ओतलेला ओबडधोबड बिल्ला अस्सल असू शकतो. संग्राहकांच्या जगात नेमकं उलट धरून चालतात, आणि त्याचा फटका आपल्या घरांतल्या वस्तूंना बसतो.

पार्श्वभूमीत वेळ घालवत नाही. 1881 साली ब्रिटिश पायदळाची पुनर्रचना झाली, नंबरांच्या पलटणींना परगण्यांची नावं मिळाली, पुढे टोपीवरचा बिल्ला साध्या शिपायापर्यंत पोचला; हे आपण सारे वाचून आहात.

सर्वांत सोपी परीक्षा मुकुटाची. व्हिक्टोरिया राणी 1901 मध्ये वारली. तिच्यानंतर बिल्ल्यांवर ट्यूडर मुकुट आला; त्याच्या कमानी वर गोल चढतात. एलिझाबेथ राणीच्या काळात सेंट एडवर्डचा मुकुट आला. त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. आता कॉनॉट रेंजर्स ही आयरिश पलटण घ्या. हिच्याच शिपायांनी 1920 साली जालंधर आणि सोलनला, आयर्लंडमधल्या अत्याचारांच्या निषेधार्थ, हत्यार उचलायला नकार दिला होता. 1922 मध्ये ती बरखास्त झाली. तिच्या बिल्ल्यावर वीणेच्या वर सेंट एडवर्डचा दबलेला मुकुट दिसला, तर भिंगसुद्धा काढू नका. भारतीय पलटणींचंही तेच. आपण 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झालो आणि एलिझाबेथ गादीवर आली 1952 मध्ये. तिचा मुकुट आपल्या पलटणीच्या बिल्ल्यावर असूच शकत नाही. गुरख्यांच्या चार पलटणी फाळणीनंतर ब्रिटनकडे गेल्या, तेवढा अपवाद लक्षात ठेवा.

मुकुट जुळला की बिल्ला उलटा करा. पाठ बघा! ठशानं दाबलेल्या बिल्ल्याच्या पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खळगा असतो. ओतलेल्याची पाठ भरीव, दाणेदार असते, कडा बोथट असतात. सिंहाची आयाळ किंवा मुकुटाचे मणी एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. मागची कडी किंवा टोपीत खोचायची पट्टी कशी जोडलीय ते पाहा. डाकाचा लपका बाहेर ओघळलेला असला तर संशय घ्या. आणि झीज कुठे आहे? शिपाई बिल्ला रोज घासायचा, म्हणून समोरचे उंचवटे गुळगुळीत होतात. पाठीला कोणी हात लावत नाही, ती काळवंडते. नकली बिल्ला रसायनात बुडवून काळा केलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच म्हाताऱ्या दिसतात. (हशा) कारखान्याच्या नावाची चकतीही पुरावा नव्हे. जे. आर. गाँट हे मोठं नाव, म्हणून तेच नाव नकली मालावर सर्रास असतं.

इथवर पहिल्या रांगेतले संग्राहक मित्र माझ्याशी सहमत आहेत. आता माना हलतील.

1957 च्या संरक्षण धोरणानंतर ब्रिटनमध्ये अनेक पलटणी एकमेकांत विलीन झाल्या. पलटण संपली तरी साचा उरतो. मागणी आली की जुना साचा पुन्हा प्रेसवर चढतो. निघणारा बिल्ला निर्दोष असतो. मुकुट बरोबर, खळगे बरोबर, कडा धारदार. पण तो कुणा शिपायासाठी झालेला नाही, कुणाच्या कपाळावर चढलेला नाही. मी त्याला अस्सल म्हणणार नाही. उलट बाजूला लाँग रेंज डेझर्ट ग्रुप पाहा. 1940 साली इजिप्तमध्ये उभी राहिलेली ही तुकडी. तिचे विंचवाचे बिल्ले कैरोतल्या कारागिरांनी बनवले. युद्ध चालू असताना बर्मिंगहॅमची वाट कोण बघणार? आपल्या छावण्यांतही हेच चालायचं.

सातारा जिल्ह्यातले एक शिक्षक माझ्याकडे आले. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, इटलीत लढलेले. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि इटली म्हटल्यावर थांबावंच लागतं. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, गोळ्या भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं लढले, आणि तिथेच पडले. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी माऱ्यातून दोन जखमी सोबत्यांना मागे आणलं, परत जाऊन मोर्चे मोडले आणि बांधावर उभं राहून रणघोषणा दिली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. (टाळ्या) त्या टाळ्या त्यांच्याच.

तर ते शिक्षक. त्यांच्याकडे पलटणीच्या रणशिंगाचा पितळी बिल्ला होता. शहरातल्या एका जाणकार व्यापाऱ्यानं तो उलटा केला, इंग्रजी पुस्तकाशी ताडला आणि म्हणाला, “ओतीव आहे, नकली.” बिल्ला घरी मुलांच्या खेळण्यांत गेला. मी कडी पाहिली. आतल्या अंगाला पिनेनं घासून खाच पडलेली. ती वर्षानुवर्षांच्या वापरानं पडते. शिंगाचा एक गोंडा ओतताना भरलाच नव्हता. मी घरचे फोटो मागितले. आजोबांच्या एका फोटोत डोक्यावर शिंग आहे आणि तोच गोंडा गायब आहे! इंग्रजी पुस्तकात नाही म्हणून खोटा? तो माणूस हा बिल्ला लावून उभा होता!

(श्रोत्यांतून : किंमत किती?) किंमत बाजार सांगेल. मी खरेपणाबद्दल बोलतोय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं म्हणतात. 1916 चे काटकसरीचे सबंध पितळी बिल्ले आणि दुसऱ्या महायुद्धातले प्लास्टिकचे बिल्ले सोडून देतो. पण पहिल्या रांगेतून प्रश्न आलाय, त्याला टाळत नाही : “मग आज बाजारात ओतलेली प्रत्येक नक्कल अस्सल म्हणायची का?” नाही. ओतीव बिल्ला एकटा आला, सोबत कागद नाही, फोटो नाही, घर नाही, तर मी त्याला नकलीच धरतो. धातू तुम्हाला फार तर पद्धत सांगेल. तो कुणी लावला, हे घरच सांगतं.

म्हणून विनंती करतो. घरात पत्र्याच्या पेटीत असा बिल्ला असेल तर त्याला ब्रासो लावू नका, कडी सरळ करू नका. आजोबांचं नाव, पलटण, नंबर आणि गाव कागदावर लिहून तो कागद बिल्ल्यासोबत ठेवा. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा दाखला, फोटो रद्दीत घालू नका. आणि हे आज रात्रीच करा. ज्यांना ती नावं तोंडपाठ आहेत ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.