घरातील संगणकांचे परस्परदळणवळण : दोष कोठे शोधावा?



आज अनेक घरांतून एकाहून अधिक संगणक नांदू लागले आहेत. शिक्षकाच्या घरी निकालपत्रके तयार करण्याचा एक संगणक असतो, मुलांच्या अभ्यासासाठी दुसरा असतो आणि छपाईयंत्राला जोडलेला एखादा जुना संगणकही कोपऱ्यात असतो. हे सर्व एकाच राउटरला जोडलेले असल्यामुळे एकावरील फाईल दुसऱ्यावर सहज उघडावी, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. प्रत्यक्षात मात्र "नेटवर्कवरील मार्ग सापडला नाही" अशी सूचना पडद्यावर उमटते आणि शेवटी पेन ड्राइव्ह हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जावे लागते.

अशा वेळी कोणी तरी हमखास दोन उपाय सुचवितो. फायरवॉल बंद करा, हा पहिला आणि फोल्डरवर सर्वांना सर्व अधिकार देऊन टाका, हा दुसरा. या उपायांनी कधी कधी काम होतेही आणि म्हणूनच ते घातक आहेत. दार उघडत नाही म्हणून भिंत पाडण्याचाच हा प्रकार होय. ती भिंत पुन्हा बांधावयाचे कोणाच्याही ध्यानात राहत नाही. यास्तव दोष क्रमाने कसा शोधावा, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

थोडा पूर्वेतिहास

विंडोज संगणक परस्परांच्या फाईली ज्या संकेतपद्धतीने उघडतात, तिला एसएमबी असे म्हणतात. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी तिचा पाया घातला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती स्वीकारली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या सांबा या प्रकल्पामुळे ती युनिक्स व लिनक्सवर उपलब्ध झाली आणि २०१३ पासून ॲपलनेही आपल्या संगणकांवर तिच्या नव्या आवृत्तीला प्राधान्य दिले. त्यामुळे निरनिराळ्या जातीच्या संगणकांची ती आज समाईक बोली झाली आहे.

तथापि तिची पहिली आवृत्ती, एकाच जाळ्यावरील संगणक परस्परांवर विश्वास ठेवीत, त्या काळातील आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याने या पहिल्या आवृत्तीच्या हाताळणीतील छिद्राचाच आधार घेतला होता. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांची कामेही खोळंबली. विशेष हे की, ते छिद्र बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये ही पहिली आवृत्ती मुळातच बसविली जाईनाशी झाली. तेव्हा आज आपणास जो बिघाड वाटतो, तो पुष्कळदा बिघाड नसून संरक्षण असते.

पहिली पायरी : वाट

दोन्ही संगणक खरोखर एकाच जाळ्यावर आहेत काय, हे प्रथम पाहावे. दुसरा संगणक झोपी गेलेला नसावा. अनेक राउटर पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय देतात आणि त्यावरील यंत्रांना घरातील अन्य यंत्रांपासून बहुधा अलग ठेवतात. एक संगणक त्यावर असेल, तर इंटरनेट उत्तम चालेल, पण फाईल मात्र उघडणार नाही. कमांड प्रॉम्प्टवर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत दिली की संगणकाचा क्रमांक कळतो. घरगुती जाळ्यात दोन्ही क्रमांकांचे पहिले तीन गट सामान्यतः सारखे असतात, जसे १९२.१६८.१. क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून क्रमांक मिळालेलाच नाही, असे समजावे. 'पिंग' या आज्ञेला उत्तर आले, तर वाट आहे हे सिद्ध होते. उत्तर आले नाही, तर वाट नाहीच असे मात्र सिद्ध होत नाही, कारण फायरवॉल अशी हाक अडवू शकते.

दुसरी पायरी : नाव

नेटवर्कच्या यादीत दुसरा संगणक दिसत नाही, एवढ्यावरून संबंध तुटला असे मानू नये. फाईल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेषा देऊन त्यापुढे त्या संगणकाचा क्रमांक लिहावा. क्रमांकाने फोल्डर उघडला आणि नावाने उघडला नाही, तर दोष नावात आहे. नाव लिहून उघडला, पण यादीत दिसत नाही, तर दोष केवळ यादीत आहे. अशा वेळी दुसऱ्या संगणकावरील 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा चालू आहे काय, ते पाहावे. यादी दिसावी एवढ्यासाठी एसएमबीची जुनी आवृत्ती पुन्हा बसविण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. तसेच २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आलेली 'होमग्रुप' ही सोय २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली आहे. जुन्या मार्गदर्शिका पाहून तिचा शोध घेणे व्यर्थ होय.

तिसरी पायरी : दार

विंडोज प्रत्येक जाळ्याला 'खाजगी' किंवा 'सार्वजनिक' असा दर्जा देते. स्थानकावरील वाय-फाय सार्वजनिक होय, घरचे खाजगी. घरच्या जाळ्यावर चुकून सार्वजनिक हा शिक्का बसला, तर फाईली देण्याघेण्याचे दार आपोआप बंद राहते. हा दर्जा बदलावा आणि खाजगी जाळ्यापुरते 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' हे दोन पर्याय चालू करावेत. असे केल्याने विंडोजच्या फायरवॉलमधील आवश्यक तेवढेच दार उघडते. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचे प्रयोजनच उरत नाही. अन्य कंपनीचे विषाणूरोधक बसविलेले असेल, तर त्याची स्वतंत्र फायरवॉलही तपासावी. या कामासाठी वापरले जाणारे ४४५ क्रमांकाचे दार राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटकडे मात्र कदापि उघडू नये.

चौथी पायरी : अधिकार

संगणक नाव व पासवर्ड विचारू लागला, म्हणजे वाट, नाव व दार ही तिन्ही ठीक आहेत. येथे अनेकांचा घोटाळा होतो. ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्या संगणकावरील खात्याचे नाव व पासवर्ड येथे हवा असतो. आपण रोज संगणक उघडताना देतो तो चार किंवा सहा आकडी पिन त्या यंत्रापुरताच असतो. जाळ्यावरून तो चालत नाही. पासवर्ड नसलेले खातेही जाळ्यावरून स्वीकारले जात नाही. म्हणून फोल्डर असलेल्या संगणकावर केवळ याच कामासाठी एक साधे खाते पासवर्डसह निर्माण करावे, हे श्रेयस्कर. पासवर्ड बदललेला असेल, तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये साठलेली जुनी नोंद काढून टाकावी.

फोल्डरवर परवानग्याही दोन असतात : एक जाळ्यावरून येणाऱ्यासाठी, दुसरी खुद्द डिस्कवरील फाईलीसाठी. पंचायतीच्या धनादेशावर सरपंच व सचिव या दोघांच्याही सह्या लागतात, तद्वतच येथे दोन्ही परवानग्या असाव्या लागतात आणि त्यांपैकी जी अधिक कडक, ती लागू होते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, विशेषतः प्रो प्रकारात, पासवर्डविना पाहुणा म्हणून प्रवेश घेण्याची वाट बंद झाली आहे. राउटरला जोडलेली जुनी डिस्क एकाएकी उघडेनाशी झाली, तर कारण बहुधा हेच असते. त्या डिस्कवर नाव व पासवर्ड ठेवणे हा तिचा योग्य उपाय होय.

फाईल उघडते, पण मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, ही तक्रारही ऐकू येते. हा जाळ्याचा दोष नव्हे. तो मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो आणि तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसतो.

दोन पथ्ये

एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहून ठेवावा आणि त्याने गुण आला नाही, तर पूर्वस्थिती आणावी. पाच बदल एकदम केले, तर रोग गेला तरी औषध कोणते ते कळत नाही. दुसरे पथ्य असे की, सामायिक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे. दुसऱ्या संगणकावरून पुसलेली फाईल सामान्यतः रिसायकल बिनमध्येही जात नाही. म्हणून ज्याला केवळ वाचावयाचे आहे, त्याला वाचण्यापुरताच अधिकार द्यावा आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी.

घरी लागलेली ही सवय शाळेत आणि पंचायतीच्या कार्यालयातही उपयोगी पडेल. क्रम तेथेही हाच आहे. फरक एवढाच की, तेथे बदल करण्यापूर्वी जबाबदार अधिकाऱ्याची संमती घ्यावयास हवी, कारण त्या फोल्डरमध्ये विद्यार्थ्यांचे गुण आणि ग्रामस्थांच्या नोंदी असतात. त्या आपल्या स्वाधीन केलेल्या ठेवी आहेत. वाट, नाव, दार आणि अधिकार या चार पायऱ्या ध्यानात ठेवल्या, तर ती ठेव उघडी न टाकताही आपले काम निर्वेधपणे पार पडेल, असा मला विश्वास वाटतो.