दिल्लीच्या मातीत टिकणारी झाडे

(मंडळाच्या आषाढातील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा. मी कलाशाखेचा साधा पदवीधर आणि उभा जन्म फायलींत गेलेला सरकारी नोकर. परंतु या शहरात आल्यापासून मी स्वतःच्या हाताने जितकी झाडे मारली, तितकी या सभागृहातील दुसऱ्या कोणी मारली असतील असे मला वाटत नाही. तेवढेच माझे भांडवल.

दिल्लीस बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षी घर लावतो आणि दुसऱ्या वर्षी गावाकडून रोप आणतो. मीही आणले. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने नारळाची दोन आणि फणसाचे एक अशी तीन रोपे ओल्या गोणपाटात गुंडाळून, सहप्रवाशांची बोलणी ऐकत निजामुद्दीनपर्यंत आणली. पावसाळाभर ती टवटवीत होती. जानेवारीच्या एका रात्री पारा तीन अंशांवर उतरला आणि फणस काळवंडला. नारळांनी हिवाळा कसाबसा काढला, परंतु मे महिन्यातील लूने त्यांचे कोंब वाळवून टाकले. माझी आई तेव्हा आमच्याकडे राहत असे. ती एवढेच म्हणाली, "अरे, माणसाला बदलीचा हुकूम असतो, झाडाला कुणी विचारलं?"

हा प्रश्न पुढे माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या कोकणात तीनशे सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि थंडी म्हणजे पहाटेची शाल एवढीच. दिल्लीत पाऊस वर्षाला सत्तर-ऐंशी सेंटिमीटर, तोही बहुतांशी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश, हिवाळ्यात तीन-चार. म्हणजे एकाच झाडाने एका वर्षात चाळीस अंशांचा फरक सोसायचा. त्यातही नुसत्या उष्णतेपेक्षा कोरडा वारा अधिक घातक. पान रुंद आणि पातळ असेल तर लू त्यातील पाणी मुळांना पुरवता येणार नाही इतक्या वेगाने शोषून घेते. मातीही निराळी. यमुनेकाठची गाळाची, रिजवरची खडकाळ, आणि बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त. नैऋत्येस नजफगढच्या बाजूला विहिरीचे पाणीदेखील मचूळ. आपला अनंत इथे पिवळा पडतो तो बहुधा मातीतील क्षारामुळे. दरवेळी खत कमी पडले असे समजून आपण त्यावर आणखी खत घालतो.

मग झाड निवडावे कसे? या शहराने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एकदा सोडवलेला आहे. १९११ च्या डिसेंबरात राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि नव्या रस्त्यांवर सावली कोणत्या झाडांची धरावी, याचा विचार सुरू झाला. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची सुंदर नर्सरी त्या काळी झाडे वाढवून पाहण्यासाठीच वापरली गेली. २०१८ पासून ती सर्वांसाठी खुली आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी मुलाबाळांसह अवश्य जावे. क्यू उद्यानात तयार झालेले मस्टो नावाचे उद्यानतज्ज्ञ या कामात होते. राष्ट्रपती भवनाच्या ज्या बागेस २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात, तिची लागवडही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. या मंडळींना रस्ते वर्षभर हिरवे दिसावयास हवे होते, म्हणून उन्हाळ्यात पुरती उघडीबोडकी होणारी झाडे त्यांनी टाळली. जनपथावर अर्जुन, अकबर रोडवर चिंच, अशोक रोडवर आणि आजच्या कर्तव्यपथाच्या हिरवळीवर जांभूळ, ठिकठिकाणी कडुनिंब. आणि पंडारा रोडवर अंजन! खानदेशातील कोरड्या रानांत वाढणारा आपला अंजन तेथे रांगेने उभा पाहिला, तेव्हा परक्या गावात शाळेतला मित्र भेटावा तसे मला झाले. म्हणजे महाराष्ट्रातून आलेले झाड इथे जगत नाही असे नाही. ते कोणत्या महाराष्ट्रातून आले आहे हे पाहावयास हवे. कोकणापेक्षा खानदेश, वऱ्हाड आणि माणदेश ही दिल्लीची जवळची नातलग. रिजवर ज्याला रोंझ म्हणतात तो दख्खनचा हिवरच.

नुसता चिवटपणा मात्र पुरेसा नाही. रिजवर इंग्रजांनी आणलेला विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, इतका चिवट निघाला की त्याने मूळची झाडे हुसकावून लावली. वसंत विहारजवळच्या अरावली जैवविविधता उद्यानात ती जुनी झाडे परत आणण्याचे काम झाले आहे. सातवीण हे आपल्या घाटांतील ओलसर रानाचे झाड. दिल्लीत ते इतके लावले गेले की ऑक्टोबरच्या रात्री त्याच्या उग्र वासाने कित्येकांचे डोके दुखते. एखादे असते तर सर्वांनी कौतुक केले असते.

आता घराविषयी. आपल्यापैकी बहुतेकांकडे शंभर-दोनशे चौरस यार्डांचा भूखंड, नाहीतर तळमजल्याच्या सदनिकेपुढील पट्टा. तेथे पिंपळ, पिलखन, सावर ही झाडे लावूच नयेत. त्यांची मुळे गटारांत आणि पायांत शिरतात. कडुनिंब भिंतीपासून वीस-पंचवीस फूट दूर ठेवता येत असेल तरच लावावा. दिल्लीत १९९४ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर ज्याच्या बुंध्याचा व्यास पाच सेंटिमीटर झाला आणि जे मीटरभर उंच वाढले, ते कायद्याने वृक्ष. मग आपल्या अंगणातले असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. तेव्हा विचार लावण्यापूर्वीच व्हावा.

लहान अंगणासाठी माझी पसंती पारिजातक, कांचन, बहावा, शेवगा, कढीलिंब, कागदी लिंबू आणि डाळिंब यांना. आंबा हवाच असेल तर हापूसचा हट्ट सोडावा. येथल्या पुसा संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली आम्रपाली ही ठेंगणी जात लहान जागेत मावते आणि नियमित फळते. झुडपांत तगर, कुंती, अडुळसा, मेंदी, मोगरा, रातराणी. कण्हेर तर लूलाही दाद देत नाही, परंतु ती विषारी असल्यामुळे घरात रांगती मुले असतील तर नको. कुंपणाला करवंद लावावे. काटे चोराला, फळे लोणच्याला. जास्वंद थंडीत केविलवाणी दिसते. तिला मेली समजून उपटू नये, मार्चमध्ये ती पुन्हा फुटते. अबोलीला दुपारची सावली द्यावी.

भगिनीवर्गासाठी मुद्दाम सांगतो. हळद आणि अळू ही दोन्ही येथे बिनतक्रार येतात. हिवाळ्यात वरचा भाग सुकतो, कंद जमिनीत निजतो आणि उन्हाळ्यात पाणी मिळताच पुन्हा उठतो. बाजारात अरबीचे कंद ढिगाने मिळतात, पाने मात्र शोधावी लागतात. घरचे चार कंद कुंडीत पुरले की श्रावणात अळूवडीला पाने आणि पातोळ्यांना हळदीची पाने दारातच.

नर्सरीत जाताना नावे घोकून जावीत. पारिजातकाला हरसिंगार, बहाव्याला अमलतास, बकुळीला मौलसिरी, तगरीला चांदनी, शेवग्याला सहजन, कढीलिंबाला मीठा नीम. मी एकदा माळ्याला "चंपा" आणावयास सांगितले. माझ्या मनात सोनचाफा. त्याने बोटाएवढ्या जाडीचे एक बोडके दांडके आणून रोवले. सौभाग्यवतींनी पाहताक्षणीच सांगितले की हा देवळातला चाफा. मी त्या माळ्यावर चिडलो होतो. परंतु आमच्या सबंध अंगणात पाण्यावाचून, खतावाचून आणि कौतुकावाचून वाढलेले झाड तेच. हिवाळ्यात पाने टाकून ते गपचूप उभे राहते. सोनचाफा पुढे दोनदा लावला. दोन्ही वेळा गेला.

लागवड पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. झाडासाठी तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्यावा. भरताना कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी निंबोळीची पेंड मिसळावी. रोज तांब्याभर पाणी घालण्याची आपली सवय वाईट. त्याने मुळे वरच राहतात आणि मेमध्ये भाजतात. पाच-सहा दिवसांनी दोन बादल्या घातल्या तर मुळे पाण्यामागे खाली जातात. बुंध्याभोवती वाळल्या पानांचा थर द्यावा. पहिल्या दोन हिवाळ्यांत रोपाला तीन बाजूंनी सरकंड्याचा आडोसा करून आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी ठेवावी. बुंध्याशी सिमेंट घालू नये. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला, तरी आपण अंगण धुवायला सोपे जावे म्हणून फरशी बुंध्यापर्यंत नेतोच.

बकुळीविषयी बोलायचे राहिले. नारळ गेल्यावर आईने गावाहून बकुळीच्या बिया मागवल्या. आम्ही तेव्हा दक्षिण दिल्लीतील एका सरकारी वसाहतीत राहत होतो. सरकारी घरात झाड कशाला, उद्या सोडायचेच आहे, असे मी म्हणालो. तिने माझ्याकडे दुर्लक्ष करून बी पेरले. बकूळ फार सावकाश वाढते, परंतु तिचे पान जाड आणि चकचकीत. लू तिच्या वाटेला जात नाही. आठव्या वर्षी फुले आली. त्यानंतर आई तीन वर्षे होती. सकाळी खाली वाकून फुले वेचणे तिला जमेनासे झाले, तेव्हा मी वेचून देत असे आणि ती ओवीत असे.

पुढे त्या वसाहतीच्या पुनर्विकासाचा निर्णय झाला आणि घरे रिकामी करण्याची नोटीस आली. तो कागद कोणत्या भाषेत लिहिलेला असतो हे मला ठाऊक होते. तशी पत्रे मीही लिहिली आहेत. झाडांची मोजणी झाली, प्रत्येकावर रंगाने क्रमांक पडला. आम्ही सामान हलविले त्या आठवड्यात झाडाखाली पिकलेली नारिंगी फळे पडली होती. मी ती रुमालात भरून आणली. नंतर त्या बाजूला मी गेलेलो नाही, त्यामुळे झाडाचे पुढे काय झाले ते सांगू शकत नाही.

त्या बियांपैकी एक रोप ग्रेटर नोएडातील आमच्या नव्या घरापुढे आहे. सध्या माझ्या कमरेएवढे झाले आहे. उरलेली चौदा रोपे पिशव्यांत आहेत आणि ती मी आज सभागृहाच्या मागल्या व्हरांड्यात आणून ठेवली आहेत. ज्यांच्या अंगणात किमान पंधरा फूट मोकळी जागा असेल त्यांनी कार्यवाहांकडे नाव द्यावे. जागा नसलेल्यांनी कृपया घेऊ नये. बरोबर कापडी पिशवी आणावी असे सूचनापत्रात लिहिले होतेच. ज्यांनी आणली नसेल त्यांच्यासाठी वर्तमानपत्र आणि सुतळी ठेवली आहे.