दोनदा उच्चारलेली गावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी भाषाशास्त्रज्ञ नाही. बी.ए.ची पदवी घेतली आणि पुढची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. तथापि, नकाशे वाचण्याचा छंद मला लहानपणापासून आहे. त्या छंदातून हाती लागलेला एक विषय आज आपल्यापुढे मांडतो. विषय वरकरणी गमतीचा आहे. शेवटी तो आपल्याच दाराशी येऊन उभा राहील, हे आधीच सांगून ठेवतो.

जगाचा नकाशा उघडला की काही नावे डोळ्यांना अडवतात. ऑस्ट्रेलियात वॉगा वॉगा आहे, अमेरिकेत वाला वाला आहे, जर्मनीत बाडेन-बाडेन आहे. प्रशांत महासागरात तर बोरा बोरा आणि पागो पागो अशा जोड्याच सापडतात. एकदा सांगून भागले असते, ते नाव लोकांनी दोनदा का सांगावे?

या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर उमगावे. आपली भाषा क्षणोक्षणी शब्द दुप्पट करते. 'मोठमोठी घरे' म्हटले की घर एक नाही, अनेक आहेत, हे अनेकवचनाची वाट न पाहताच कळते. 'रडत रडत आला' यात क्रिया चालू राहते. 'घरोघर' म्हणताच सारे गाव डोळ्यांपुढून जाते. 'आंबट आंबट' म्हणताना तर बोलणाराच्या सुरावरून कधी आंबटपणा वाढतो, कधी किंचित उरतो. अशा शब्दांना आपल्या व्याकरणात 'अभ्यस्त शब्द' असे नाव आहे. त्या नावाकडे मी शेवटी परत येणार आहे.

वॉगा वॉगाचे कोडे या किल्लीने उघडते. तो प्रदेश विराजुरी नावाच्या आदिवासी लोकांचा. त्यांच्या भाषेत शब्द दोनदा उच्चारला की 'पुष्कळ' असा अर्थ होतो. आपल्या 'मोठमोठी'सारखाच हा प्रकार म्हणायचा. वाला वाला हे नाव अमेरिकेच्या वायव्येकडील मूळ रहिवाशांच्या भाषांतून आले. त्याचा संबंध वाहत्या पाण्याशी आहे. कोणी त्याचा अर्थ 'पुष्कळ पाणी' असा करतात, तर कोणी 'लहानसा वेगवान ओढा' असा. एकाच द्विरुक्तीने एकाला पाणी वाढलेले दिसते, दुसऱ्याला ओढा लहान झालेला दिसतो. 'आंबट आंबट'ची ही जणू दूरची बहीण.

आपल्याकडे अशी गावे नाहीत का? गोव्याच्या सांगे तालुक्यात नेत्रावळी येथे गोपीनाथाच्या देवळापाशी 'बुडबुड्यांची तळी' आहे. तिच्या तळातून अखंड बुडबुडे वर येत असतात. काठावर टाळ्या वाजवल्या की ते वाढतात, असे लोक सांगतात. जव्हारजवळ खडखड नावाचे धरण आहे. नाशिककडे घरगड म्हणून जो किल्ला आहे, त्याला लोक गडगडा म्हणतात. आणि गावाचे नाव कशाला हवे? उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याला आपण जे नाव दिले, तेच पाहा. धबधबा! आधी कानाने पाणी ऐकले आणि मग जिभेने त्याचा आवाज दोनदा काढून दाखवला.

दिल्लीकरांसाठी याहून जवळचे उदाहरण दमदम्याचे. सोहन्याजवळच्या दमदमा तलावावर आपल्यापैकी अनेकांनी सहली काढल्या असतील. हुमायूनच्या मकबऱ्याजवळ गुरुद्वारा दमदमा साहिब आहे. १७०७ साली गुरू गोविंदसिंग आणि शाहजादा मुअज्जम, म्हणजे पुढचा बादशहा बहादूरशहा, यांची भेट तेथे झाली. त्यानंतर गुरू दक्षिणेकडे निघाले आणि १७०८ साली आपल्या नांदेडला त्यांची यात्रा संपली. तिकडे कलकत्त्याचे डमडम हे नावही याच 'दमदमा' शब्दावरून आले, असे सांगतात. तेथील शस्त्रागारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या, शरीरात शिरून पसरणाऱ्या गोळीला गावाचेच नाव मिळाले आणि १८९९ च्या हेग परिषदेत तशा गोळ्यांवर बंदी घालण्यात आली.

फारसीत दमदमा म्हणजे तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. वेढ्यांच्या वर्णनांतून हा शब्द मराठीतही आला. शीख परंपरेत मात्र दमदमा म्हणजे दम घेण्याची, विसाव्याची जागा. एकाला त्या दोन 'दमां'त तोफ ऐकू येते, दुसऱ्याला श्वास. नाव एकच, ते कोणाच्या तोंडी आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

काही द्विरुक्ती निव्वळ कारभाराच्या सोयीसाठी होतात. जर्मन भाषेत बाडेन म्हणजे स्नान. उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम झऱ्यांच्या, गावांना ते नाव पडणे साहजिकच होते. असे एक बाडेन स्वित्झर्लंडमध्ये आहे, एक व्हिएन्नाजवळ आहे. मग बाडेन राज्यातील बाडेनला लोक बाडेन-बाडेन म्हणू लागले आणि १९३१ साली ते नाव अधिकृत झाले. आपल्या महसूल खात्याने हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. पुण्याजवळ कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द. बुद्रुक हे फारसी 'बुजुर्ग'चे मराठी रूप. खुर्द म्हणजे धाकटे. दिल्लीत पहिल्यांदा 'पूठ कलां' आणि 'पूठ खुर्द' या पाट्या वाचल्या, तेव्हा परमुलखात गावचा माणूस भेटावा तसे मला झाले. कलां म्हणजे मोठे. आडनाव तेवढे बदलले होते, घराणे एकच.

आता द्विरुक्तीचा दुसरा प्रकार पाहू. तो मात्र विस्मरणातून जन्मतो. 'सहारा' या अरबी शब्दाचा अर्थच वाळवंट. आपण 'सहारा वाळवंट' म्हणतो. इंग्लंडात 'एव्हन नदी' आहे. तेथील जुन्या केल्टिक भाषेत त्या शब्दाचा अर्थच नदी. नंतर आलेल्यांना तो कळला नाही, म्हणून त्यांनी आपल्या भाषेतली 'नदी' त्याला जोडली. आपणही 'सह्याद्री पर्वत' आणि 'विंध्याचल पर्वत' म्हणतो, तेव्हा 'अद्रि' आणि 'अचल' म्हणजेच पर्वत, हे विसरलेले असतो. आणि दिल्लीत रिक्षावाल्याला 'जनपथ रोड' सांगणारे आपल्यातलेच कितीतरी आहेत! मीही त्यांत आहे.

हे हसण्यावारी नेता येईल. पण नीट पाहिले तर या दोन प्रकारांत मोठे अंतर आहे. धबधबा म्हणणाऱ्याला त्या दोन्ही 'धब' ऐकू येत असतात. 'एव्हन नदी' म्हणणाऱ्याला पहिल्या शब्दात काहीच ऐकू येत नाही. त्याच्या लेखी तो नुसता ध्वनी असतो. भाषा गेली आणि मागे नाव उरले, म्हणजे असे होते.

याचा अनुभव मला नकाशात आला नाही, घरात आला. काही वर्षांपूर्वी माझी आई पावसाळ्यात दिल्लीला आली होती. एका सकाळी खिडकीशी बसून ती माझ्या मुलीला म्हणाली, "बघ गं, कसा भुरभुर पडतोय." मुलगी दिल्लीतच वाढलेली. तिने माझ्याकडे वळून विचारले, "बाबा, भुरभुर म्हणजे?" मी वर्तमानपत्रातून डोके न काढता सांगितले, "हलकी बारिश." मुलीचे समाधान झाले. आई मात्र काही बोलली नाही. त्यानंतरच्या मुक्कामात ती नातीशी थोडे आणि सोपे सोपे बोलू लागली. तुटक हिंदीत बोलू लागली, असे म्हटले तरी चालेल. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती राहिली नाही.

मुलीचा यात काही दोष नव्हता. ज्या घरात दिवसाकाठी दहा वाक्येही मराठीत बोलली जात नसत, त्या घरात तिला भुरभुर आणि झिमझिम यांतले अंतर कोणी सांगायचे? ते काम माझे होते. कचेरीतून उशीर होतो, शाळा हिंदी-इंग्रजीची आहे, शेजार पंजाबी आहे, अशी कारणे मी वर्षानुवर्षे देत आलो. ती सारी खरी होती. तरीही त्या सकाळी मला 'भुरभुर'चा अर्थ मराठीत सांगता आला असता. खिडकीपाशी जाऊन हात बाहेर काढायला लावता आला असता. तेवढे मी केले नाही.

म्हणून वॉगा वॉगाची पुढची हकीकत मला विशेष वाटते. या नावाचा अर्थ 'पुष्कळ कावळ्यांचे ठिकाण' असा दीर्घकाळ सांगितला जाई. विराजुरी भाषा बोलणारे फार थोडे उरले होते. मग हरकत घेणार कोण? त्या समाजातील ज्येष्ठ, स्टॅन ग्रँट, यांनी आपल्या लहानपणची एक आठवण सांगितली आहे. आजोबांनी त्यांना सार्वजनिक ठिकाणी विराजुरीत हाक मारली, ती पोलिसाने ऐकली आणि आजोबांना कोठडीत टाकले. तोच नातू पुढे मोठा झाला आणि जॉन रडर या भाषाभ्यासकाच्या साहाय्याने त्याने आपल्या भाषेचा कोश सिद्ध केला. २०१९ साली त्या शहराच्या नगरपालिकेने कावळ्यांचा अर्थ सोडून दिला आणि 'पुष्कळ नृत्ये व उत्सव' हा अर्थ अधिकृतपणे स्वीकारला. नाव तेच राहिले. भाषा परत शिकली गेली, म्हणून अर्थ बदलला.

आपल्याला तर कोणी कोठडीत टाकत नाही. आपली भाषा कोट्यवधी लोक बोलतात. आपण येथे विसरलो तरी ती तिकडे जिवंत राहील. तिचे काही अडणार नाही. अडेल ते आपल्या घरातल्या आजीचे आणि नातीचे.

मग दिल्लीत राहून हिंदीशी फटकून वागायचे का? मुळीच नाही. येथे मला द्विरुक्तीचा तिसरा प्रकार आठवतो. सरकारी नोकरीत ज्या शब्दाशी माझा जन्माचा संबंध आला, तो शब्द म्हणजे 'कागदपत्र'. कागद फारसीतून आलेला, पत्र संस्कृत. 'धनदौलत' घ्या, धन आपले, दौलत अरबीतून फारसीच्या वाटेने आलेली. 'बाजारहाट' घ्या; बाजार फारसी, हाट संस्कृत 'हट्टा'पासून. हेही एका अर्थाने तेच ते दोनदा सांगणे आहे. पण 'एव्हन नदी'सारखे ते विस्मरणातून आलेले नाही. आपल्या पूर्वजांच्या कानांवर दोन्ही भाषा होत्या. पाहुण्या शब्दासाठी त्यांनी घरच्या शब्दाला बाहेर काढले नाही. दोघांना एका पाटावर बसवले.

परमुलखातल्या मराठी कुटुंबाने कसे राहावे, याचा याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही. आपल्या मुलांना 'धीरे धीरे' आले पाहिजेच. शेजारी 'हळूहळू'ही बसलेले असावे. त्यांनी 'बारिश' खुशाल म्हणावे. पण भुरभुर कोणती, झिमझिम कोणती आणि मुसळधार कोणती, हे त्यांच्या कानाला कळावे.

मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केले, नाटके केली, व्याख्याने केली. त्याबद्दल आपण सारे कृतज्ञ आहोत. एक नम्र सूचना करतो. आपल्या वास्तूत महिन्यातून एक दुपार अशी असावी की, त्या दिवशी आजी-आजोबांनी नुसते बोलावे आणि मुलांनी ऐकावे. पुस्तक नको, परीक्षा नको. जो शब्द अडेल, तो मुलाने विचारावा आणि त्याचे उत्तर मराठीतच मिळावे. पहिल्या दुपारी मी माझ्या मुलीला घेऊन येईन. ती आता मोठी झाली आहे. तरी येते म्हणाली आहे.

प्रारंभी मी 'अभ्यस्त' शब्दाकडे परत येईन म्हणालो होतो. संस्कृत व्याकरणात 'अभ्यास' म्हणजे द्विरुक्ती, पुन्हा उच्चारणे. शाळेतला आपला 'अभ्यास' हाही तोच शब्द. जे पुन्हा पुन्हा उच्चारले जाते तेच अंगी लागते, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले आहे. गावांची नावे लोक दोनदा उच्चारतात. आपण आपली भाषा घरात दिवसातून दोनदा तरी उच्चारू या.