शिंगांच्या कमानीखाली

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचे एक लहानसे डोंगरी शहर आहे. वस्ती जेमतेम दहा-अकरा हजारांची. परंतु उत्तरेस ग्रँड टीटन आणि त्यापलीकडे यलोस्टोन ही दोन विख्यात राष्ट्रीय उद्याने असल्यामुळे वन्य प्राणी पाहावयास येणाऱ्यांची तेथे सतत रीघ असते. मात्र प्रवाशाला प्रथम दर्शन घडते ते जिवंत श्वापदाचे नव्हे, तर पुतळ्याचे. कलादालनांच्या दारांशी ब्राँझची अस्वले नि हरणे उभी असतात, आणि कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्याभोवती घुटमळत असतात.

शहराच्या मुख्य चौकाच्या चारही कोपऱ्यांवर एल्क जातीच्या हरणांच्या शिंगांच्या कमानी आहेत. पहिली कमान १९५३ साली उभारली गेली. एवढ्या शिंगांसाठी किती हत्या झाली असेल, असे पाहणाऱ्याच्या मनात येते. पण नराची शिंगे दरवर्षी आपोआप गळून पडतात व पुन्हा नवी फुटतात. शहराला लागूनच १९१२ साली स्थापन झालेले एल्कांचे अभयारण्य आहे. हिवाळ्यात हजारो एल्क तेथे उतरतात. त्यांची गळालेली शिंगे बालवीर गोळा करतात, मे महिन्यात त्यांचा जाहीर लिलाव होतो आणि उत्पन्नाचा मोठा वाटा अभयारण्यालाच मिळतो.

पुतळ्याचे छायाचित्र घेणे हे सोपे काम समजले जाते, आणि ते एका अर्थी खरेही आहे. पुतळा पळत नाही, रागावत नाही. पण जाणता छायाचित्रकार पुतळ्याला प्रदक्षिणा घालतो, उन्हे कलण्याची वाट पाहतो, खांद्याचा ताण आणि मानेचा डौल शिल्पकाराने कोठे पकडला आहे ते शोधतो. अशा रीतीने पुतळा त्याला पाहावयास शिकवतो. अभयारण्यासमोरच्या टेकडीवर १९९४ पासून वन्यजीवकलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथे हिवाळ्यात ब्राँझचे एल्क पाहून झाल्यावर नजर खाली वळवली, की बर्फात चरणारे खरे कळपही दिसू शकतात.

पुतळा आणखीही एक सवय लावतो. ती मात्र घातक आहे. मूल अस्वलाच्या पाठीवर बसते, आई त्याच्या नाकावर हात ठेवते, आणि श्वापद म्हणजे जवळ जाण्याची वस्तू, असा समज नकळत रुजतो. उद्यानाचा नियम याच्या नेमका उलट आहे: अस्वल व लांडगा यांच्यापासून किमान १०० यार्ड आणि इतर प्राण्यांपासून २५ यार्ड दूर राहावे.

या परिसरातील ३९९ क्रमांकाची ग्रिझली अस्वलीण जगभर प्रसिद्ध होती. रस्त्याकडेला पिले वाढवणाऱ्या या मातेची असंख्य छायाचित्रे निघाली. २०२० साली तर ती चार पिलांसह गुहेबाहेर आली. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जॅक्सनच्या दक्षिणेस हमरस्त्यावर मोटारीची धडक बसून ती मरण पावली. हा दोष छायाचित्रकारांचा नव्हता. पण माणसाचा रस्ता आणि श्वापदाची वाट एकमेकींत मिसळल्या की शेवट कसा होतो, हे त्यातून कळले.

महाराष्ट्रालाही हा धडा दूरचा नाही. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

म्हणून जंगलाच्या वेशीवरील पुतळे उपयुक्तच आहेत. जवळ जाण्याची, स्पर्श करण्याची, शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची माणसाची स्वाभाविक हौस त्यांच्यापाशी खुशाल फिटावी. पुढे वनात मात्र डोळ्यांनी सावध राहावे, पायांनी थांबावे, आणि जिवंत वनराजाला दुरूनच नमस्कार करावा.