पाय माझा मोडला, शाळा लेकीची बुडाली

(करकंब, ता. पंढरपूर येथे महिलांच्या बैठकीत एका कार्यकर्तीने केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



दुखण्यात धीर कसा धरायचा, यावर मी बोलावं असं ठरलंय. पण मी काही धीर धरला नव्हता. मी चिडले, रडले, एकदा तर लेकीच्या अंगावर ताट भिरकावलं. तेच सांगायला उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वळवाचा पाऊस आला म्हणून गोळा करायला धावले आणि जिन्यावरून घसरले. उजव्या नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लॅस्टर. डॉक्टरांनी सांगितलं, निदान तीन महिने पायावर भार द्यायचा नाही.

दुखणं आठ-दहा दिवसांत उतरलं. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. पहाटे पाचला उठणारी बाई मी. आता नुसतं आढ्याकडे बघत पडायचं. स्वयंपाकघरात भांडं पडलं की वाटायचं, नक्की माझंच काहीतरी फुटलं. सगळ्यात वाईट म्हणजे संडासला जाणं. उकिडवं बसता येत नाही, दुसऱ्याच्या खांद्याशिवाय उठता येत नाही. म्हणून मी पाणीच कमी प्यायला लागले. बघा, तुमच्यातल्या कितीजणी माना हलवताहेत! त्यानं लघवीची जळजळ सुरू झाली आणि चिडचिड आणखी वाढली. शेवटी मुलानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं, खाली बादली ठेवली. एवढी साधी गोष्ट, पण लाजेपायी मी ती तीन आठवडे बोलले नव्हते.

बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "बरं झालं बाई, विश्रांती तरी मिळाली." सासूबाई बोलायच्या नाहीत, पण भाकरी थापताना कंबर धरायच्या. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आषाढी आली. पंढरपूर इतकं जवळ, त्यामुळे घरात पाहुणे आणि वारकरी असतातच. मला वाटलं, आता पुष्कळ झालं. कोणाला न सांगता वॉकर बाजूला ठेवला, चुलीपुढं उभी राहिले, वर पाण्याची घागरही उचलली. जुळत आलेलं हाड पुन्हा हललं. दुसरं प्लॅस्टर, पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायचे. मला कोणी उठवलं नव्हतं. मला माझ्या शरमेनं उठवलं होतं.

त्याच आठवड्यात लेकीच्या वर्गशिक्षिका घरी आल्या. म्हणाल्या, "दहावीचं वर्ष आहे आणि ही जूनपासून निम्मे दिवससुद्धा आली नाही." मी लेकीकडे बघितलं. तिच्या हाताला चुलीचे चटके होते. मी रोज तिच्यावर ओरडत होते, भाजी खारट झाली, फरशी ओली राहिली. ताट फेकलं तेही तिच्यावरच. ती शाळेत जात नाही, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण ती गेली तर मला उठवणार कोण, म्हणून मी गप्प होते. तिचा भाऊ अकरावीत, रोज कॉलेजला जात होता. तू घरी थांब, असं त्याला कोणीच म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ती रात्र मी झोपले नाही. माझा राग पायावर नव्हता, लेकीवर तर नव्हताच. मी पडले की घर पडतं, आणि ते उचलायला दुसरी बाईच शोधली जाते, ती नसेल तर पोरगी. राग त्यावर होता. तो चुकीच्या माणसावर निघत होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून कामं वाटली. सकाळचा स्वयंपाक नवऱ्यानं, धुणं आणि पाणी मुलानं. भाजी निवडणं, कणीक मळणं, हिशोब ही बसून करायची कामं माझी. नवरा कुरकुरला. पहिले पंधरा दिवस भात करपला. पण लेक शाळेत गेली.

तेव्हा एका कार्यकर्तीनं मला आकडे सांगितले. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकामात बायकांची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ मिनिटं जातात असं आढळलं. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात-भरपाईच्या निकालात हेच आकडे मांडले आणि गृहिणीच्या कामाला पैशात मोल धरलं पाहिजे असं सांगितलं. कोर्टाला जे मोल कळतं, ते आपल्या घरात आपण पडल्यावरच का दिसावं?

याच काळात कोणीतरी नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचायला दिलं.  सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या कमरेखालचा भाग लुळा पडला. १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. आधी मला पुस्तकाचा रागच आला. "त्यांच्याकडे बघ आणि गप्प बस" असंच जणू कोणी सांगतंय असं वाटलं. माझं हाड जुळणार होतं, त्यांचे पाय परत येणार नव्हते; तुलना कशाला? पण वाचल्यावर एक उमगलं. बाबूकाका दिवाण स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. ते भेटल्यावर नसीमाताईंना वाट दिसली. म्हणजे त्याही एकटीच्या जिवावर उठल्या नव्हत्या. मग मी कशाला लाजू?

कामाच्या दोन गोष्टी सांगते. प्लॅस्टरमध्ये पाय असला तरी बोटं हलवत राहायची. रक्त खेळतं राहतं. बोटं काळी-निळी पडली, बधिर झाली किंवा फार सुजली तर तसंच दवाखान्यात जायचं. घट्ट पट्टी बांधणाऱ्याकडे जायचं नाही, त्यानं पाय गमावण्याची वेळ येते. प्लॅस्टर काढल्यावर पिंढरी वाळलेली दिसते. मी बघून रडले होते. पण डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम रोज केले की ती भरते, हळूहळू. आणि पाळी गेल्यानंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं, तर हाडं ठिसूळ झालीत का हे विचारून घ्यायचं.

आजही थंडीत माझा पाय ठणकतो. लेक दहावी पास झाली, पण तिला हवे होते तेवढे मार्क पडले नाहीत. त्याचं ओझं माझ्यावर आहे आणि मी ते तिला बोलून दाखवलंय. ती म्हणाली, "आई, तू तेव्हाच सगळ्यांना बसवलं असतंस तर." बरोबर आहे तिचं.

म्हणून माझी एकच सूचना. आपल्या गटाच्या पैशातून एक वॉकर आणि एक भोकाची खुर्ची घेऊन ठेवू. आणि कोणी बाई पडली की तिला बघायला जाताना फक्त केळी नेऊ नका. घरात विचारा, "आता स्वयंपाक कोण करतंय? आणि पोरगी शाळेत जातेय ना?"